नेटवर्क लॉगिन अडतं कुठे? लिनक्स क्लायंटवरचा बिघाड पायरीपायरीने शोधताना

नेटवर्कवरच्या खात्याने लिनक्स मशीनवर लॉगिन होत नसेल, तर यूजरला एकच गोष्ट दिसते: परवानगी नाही, पुन्हा प्रयत्न करा. पासवर्ड चुकला तरी हेच, खातं मशीनला सापडलंच नाही तरी हेच, घड्याळ पुढे गेलं असेल तरी बहुतेक वेळा हेच. हा मोघमपणा मुद्दाम ठेवलेला आहे. कोणतं नाव खरं आणि कोणतं खोटं हे बाहेरून चाचपणाऱ्याला कळू नये, म्हणून दुसऱ्या मशीनवरून लॉगिन घेणारा एसएसएच सर्व्हर अस्तित्वात नसलेल्या नावालाही पासवर्ड विचारतो आणि मग नकार देतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याने स्क्रीनवरच्या त्या वाक्यावर विसंबायचं नसतं. ‘पासवर्ड चुकतोय’ ही तक्रार आली की लगेच पासवर्ड रीसेट करून देणं हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा मार्ग आहे, कारण बऱ्याचदा पासवर्डाचा त्यात काही संबंधच नसतो.

हा लेख लिनक्स क्लायंटबद्दल आहे: उबंटू, डेबियन, रेड हॅट किंवा त्याच घराण्यातले रॉकी आणि अल्मा. खाती मध्यवर्ती सर्व्हरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत किंवा फ्रीआयपीएमध्ये, आणि क्लायंटवर त्यांच्याशी बोलणारी सेवा एसएसएसडी. कॉलेजची लॅब असो की ऑफिस, ही जोडणी आता सर्रास दिसते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन लिपीत टाइप करायच्या. उदाहरणापुरतं डोमेन (मध्यवर्ती सर्व्हर सांभाळतो तो खात्यांचा आणि मशीनचा गट) ‘लॅब.टेस्ट’ आणि यूजर ‘पाटील’ धरू.

एका लॉगिनमागचे चार प्रश्न

‘लॉगिन झालं’ असं आपण एका दमात म्हणतो, पण मशीन त्यासाठी चार वेगवेगळे प्रश्न सोडवते.

पहिला: पाटील नावाचं कोणी आहे का, त्याचा यूआयडी (खात्याचा क्रमांक) काय, होम डिरेक्टरी कुठली, शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) कोणता? हे काम एनएसएस ही नावं शोधून देणारी यंत्रणा करते आणि कुठे शोधायचं ते /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलीत लिहिलेलं असतं.

दुसरा: हा माणूस खरंच पाटील आहे का? म्हणजे पासवर्डची तपासणी. इथून पुढे पॅमचं, म्हणजे लॉगिनची तपासणी करणाऱ्या यंत्रणेचं, राज्य सुरू होतं आणि पॅम हा प्रश्न एसएसएसडीमार्फत कर्बेरोसकडे, म्हणजे ओळख पटली की ‘तिकीट’ देणाऱ्या सर्व्हरवरच्या सेवेकडे, पाठवतं.

तिसरा: पाटील खरा आहे, पण त्याला या मशीनवर, या मार्गाने आत येण्याची मुभा आहे का?

चौथा: आत आल्यावर त्याला बसवायचं कुठे? होम डिरेक्टरी, सेशन, शेल.

यातला कोणता प्रश्न अडला हे कळेपर्यंत एकही फाइल बदलायची नाही. या लेखात सांगण्यासारखं मुख्य ते एवढंच आहे; बाकी सगळं ते कसं कळतं याचा तपशील.

हात लावण्याआधी

रूटचं एक टर्मिनल उघडून ठेवा आणि काम संपेपर्यंत बंद करू नका. पॅमच्या फाइलीत एक ओळ चुकली की रूटलाही आत येता येत नाही, आणि मग रेस्क्यू मोडशिवाय मार्ग राहत नाही. प्रत्येक मशीनवर नेटवर्कवर अवलंबून नसलेलं निदान एक स्थानिक खातं असायलाच हवं.

दोन गोष्टी सुरुवातीला मुळीच करू नका. एक, एसएसएसडीचा कॅश (त्याने जपून ठेवलेल्या नोंदी) उडवणं. /व्हार/लिब/एसएसएस/डीबी मधल्या फाइली पुसण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. पण सर्व्हरशी संपर्क तुटलेला असताना ज्यांचं लॉगिन चालू असतं ते त्या कॅशमध्ये जपून ठेवलेल्या पासवर्डच्या हॅशवरच (उलट वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपावरच) चालू असतं. कॅश गेला की एका यूजरची अडचण सगळ्यांची होते. दोन, डोमेन सोडून पुन्हा जोडणं. कधी त्याने काम होतं, पण का झालं हे कळत नाही आणि महिन्याभराने तीच तक्रार परत येते.

त्याआधी चार साधे प्रश्न विचारून घ्या. सगळ्यांनाच अडचण आहे की एकालाच? एकाच मशीनवर की सगळीकडे? एसएसएचनेही आणि समोर बसूनही? काल चालत होतं का? एकच यूजर सगळ्या मशीनवर अडत असेल तर दोष सर्व्हरवरच्या खात्यात आहे. सगळे यूजर एकाच मशीनवर अडत असतील तर दोष त्या मशीनमध्ये आहे. एवढ्याने अर्धं क्षेत्र बाद होतं.

समोर बसून लॉगिन होत नसेल तर कळफलकही बघा. ज्या मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट बसवलेलं असतं तिथे लॉगिनच्या पडद्यावर तोच लेआउट चालू राहिलेला असू शकतो. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे आत देवनागरी अक्षरं जात आहेत हे कळायला वाव नसतो. तोच पासवर्ड यूजरनेमच्या चौकटीत टाइप करून बघणं सोपं वाटतं, पण तो आजूबाजूला दिसतो आणि चुकून एंटर दाबलं तर लॉगमध्येही जाऊ शकतो. पासवर्ड नाही, कुठलाही साधा शब्द टाइप करून बघा.

लॉग वाचणं

आता दुसऱ्या टर्मिनलवर लॉग चालू ठेवा आणि यूजरला एकदाच प्रयत्न करायला सांगा. एकदाच, कारण बऱ्याच ठिकाणी काही चुकांनंतर खातं कुलूपबंद होतं आणि मग मूळ दोषावर आणखी एक दोष चढतो. रेड हॅटच्या घराण्यात:

टेल -एफ /व्हार/लॉग/सिक्युअर

उबंटू-डेबियनवर हीच फाइल /व्हार/लॉग/ऑथ.लॉग नावाने असते. फाइलच नसेल तर जर्नलसीटीएल -एफ.

एसएसएचच्या लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड यूजर पाटील’ दिसलं की पहिला प्रश्न अडला आहे: मशीनला पाटील कोण हेच माहीत नाही. पासवर्ड बरोबर की चूक ही गोष्ट इथे गैरलागू आहे. ‘ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर पाटील बाय पॅम अकाउंट कॉन्फिगरेशन’ दिसलं तर तिसरा: पासवर्डचा टप्पा मागे पडला, पण मुभा नाही. आणि पॅम-एसएसएसच्या (एसएसएसडीशी बोलणाऱ्या पॅमच्या भागाच्या) ओळीत ‘रिसिव्ह्ड फॉर यूजर पाटील’ असं म्हणून शेवटी एक आकडा येतो. त्या आकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सगळा लॉग एकीकडे आणि तो आकडा एकीकडे, इतकी त्याची किंमत आहे.

4 म्हणजे सिस्टम एरर. एसएसएसडीच्या आतच काहीतरी फसलं. कर्बेरोसच्या वेळेचा किंवा कीटॅबचा (मशीनच्या किल्ल्यांच्या फाइलीचा) घोळ बऱ्याचदा याच आकड्याआड लपतो. 6 म्हणजे परवानगी नाही, तिसरा प्रश्न. 7 म्हणजे पासवर्ड खरोखर नाकारला गेला. 9 म्हणजे तपासणी करणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. पासवर्ड बरोबर असो वा चूक, विचारायला कोणी सापडलं नाही. 10 म्हणजे यूजर ओळखीचा नाही. 12 म्हणजे पासवर्डची मुदत संपली, नवा ठेवायला हवा. 13 म्हणजे खात्याचीच मुदत संपली. 7 आणि 9 मधला फरक ओळखता आला तरी पासवर्ड रीसेट करण्याची निम्मी कामं वाचतात.

एक ओळ मात्र हमखास फसवते. डेबियन-उबंटूवर आणि जुन्या रेड हॅटवर पॅम-युनिक्स (स्थानिक पासवर्ड तपासणारा पॅमचा भाग) आधी स्वतः प्रयत्न करतं. नेटवर्कवरच्या यूजरचा पासवर्ड त्याच्याकडे नसतोच, म्हणून ते ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’ लिहून मोकळं होतं. त्याच्या पुढच्याच ओळीत पॅम-एसएसएसने यश नोंदवलेलं असतं. पहिली ओळ बघून शोध थांबवू नका.

पहिला प्रश्न: नाव सापडतं का?

गेटेंट पासडब्ल्यूडी पाटील
आयडी पाटील

पहिल्या कमांडने एक ओळ यायला हवी: नाव, यूआयडी, जीआयडी (ग्रुपचा क्रमांक), होम, शेल. काहीच आलं नाही तर नाव सापडलेलं नाही. नाव न देता नुसतं ‘गेटेंट पासडब्ल्यूडी’ चालवून ‘यादीत नेटवर्कचे यूजर दिसत नाहीत’ असा निष्कर्ष काढू नका. एसएसएसडी मुळातच सगळी यादी देत नाही. हजारो खात्यांची यादी दर वेळी ओढणं महाग पडतं म्हणून एन्युमरेट हा पर्याय बंदच असतो. नेहमी नाव देऊन विचारा.

मग ‘पाटील@लॅब.टेस्ट’ असं पूर्ण नाव देऊन बघा. रीअल्मडीने (मशीन डोमेनला जोडणाऱ्या साधनाने) मशीन जोडली असेल तर यूज_फुली_क्वालिफाइड_नेम्स हा पर्याय बहुधा चालू असतो आणि नुसत्या ‘पाटील’ला मशीन ओळखत नाही. नवीन जोडलेल्या मशीनवर ‘लॉगिन होत नाही’ या तक्रारीचं हे अगदी नेहमीचं कारण. यूजरला पूर्ण नाव टाकायला सांगा किंवा पर्याय ‘फॉल्स’ करा. पण रीअल्मडी फॉलबॅक होम (खात्यात घर दिलेलं नसेल तेव्हाचं घर) ‘/होम/पाटील@लॅब.टेस्ट’ अशा घाटाचं लावतं; पर्यायासोबत तेही बदललंत तर होम डिरेक्टरीचं नाव बदलतं. आधी काम केलेल्या यूजरच्या फाइली ‘गायब’ झाल्या असं वाटतं, त्या जुन्या नावाच्या डिरेक्टरीत सुखरूप असतात.

पूर्ण नावानेही काही येत नसेल तर एनएसस्विच.कॉन्फमधली ‘पासडब्ल्यूडी’ आणि ‘ग्रुप’ची ओळ बघा. तिथे ‘फाइल्स’सोबत ‘एसएसएस’ हवं. त्याच नावाचं स्थानिक खातं कोणी बनवून ठेवलं असेल आणि ओळीत ‘फाइल्स’ आधी असेल, तर तेच सापडतं आणि नेटवर्कचा पासवर्ड त्याला चालत नाही. फक्त एसएसएसडीला विचारायचं असेल तर:

गेटेंट -एस एसएसएस पासडब्ल्यूडी पाटील

एनएससीडी ही जुनी कॅश सेवाही चालू असेल तर तिला यूजर आणि ग्रुप सांभाळू देऊ नका. दोन कॅश एकमेकांवर बसले की उत्तरं शिळी येतात.

आता एसएसएसडीची तब्येत:

सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएसडी
एसएसएससीटीएल कॉन्फिग-चेक
एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस लॅब.टेस्ट

सेवा सुरूच होत नसेल तर /ईटीसी/एसएसएसडी/एसएसएसडी.कॉन्फची परवानगी बघा. मालक रूट आणि परवानगी 600 हवी. एडिटरने किंवा कॉपी करताना ती 644 झाली की एसएसएसडी उठायला नकार देतं. सेवा चालू आहे पण शेवटच्या कमांडने ‘ऑफलाइन’ म्हटलं, तर सर्व्हर दिसत नाही. आणि सर्व्हर दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, असतं.

डीएनएस

एसएसएसडी सर्व्हरचं नाव आपल्याला विचारत नाही, ते डीएनएसच्या एसआरव्ही नोंदीतून (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदीतून) शोधतं:

डिग +शॉर्ट एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.लॅब.टेस्ट
डिग +शॉर्ट एसआरव्ही _कर्बेरोस._टीसीपी.लॅब.टेस्ट

दोन्हींना उत्तर यायला हवं. आलं नाही तर मशीन कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारते आहे ते बघा. /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 127.0.0.53 दिसत असेल तर तो फक्त मध्यस्थ आहे. खरे पत्ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये दिसतात.

‘कधी होतं, कधी होत नाही’ अशा तक्रारीत मी आधी इथेच बघतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (मशीनना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेत) पहिला डीएनएस संस्थेचा आणि दुसरा 8.8.8.8 असा दिलेला असतो, ‘इंटरनेट बंद पडू नये म्हणून’. हेतू चांगला, पण बाहेरच्या डीएनएसला तुमच्या अंतर्गत डोमेनची काहीच माहिती नसते. पहिला क्षणभर अडखळला की प्रश्न दुसऱ्याकडे जातो, तो ‘असं काही नाही’ असं ठामपणे सांगतो आणि मशीन ते मान्य करते. डोमेनला जोडलेल्या मशीनला फक्त डोमेन ओळखणारेच डीएनएस द्यायचे. दुसरा हवा असेल तर तोही आतलाच.

अंतर्गत डोमेनचं नाव ‘.लोकल’ने संपत असेल तर आणखी एक सापळा आहे. एनएसस्विच.कॉन्फच्या ‘होस्ट्स’ ओळीत ‘एमडीएनएस4_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न]’ असेल तर ‘.लोकल’ नावं डीएनएसपर्यंत जातच नाहीत, मधूनच परत फिरतात. डिग थेट डीएनएसला विचारतं, म्हणून डिगचं उत्तर बरोबर येतं आणि ‘गेटेंट होस्ट्स’चं रिकामं. दोन्ही उत्तरं वेगळी आली की हेच कारण धरून चाला. उपाय म्हणजे त्या ओळीत ‘डीएनएस’ला पुढे आणणं.

नाव सापडलं तरी दारं, म्हणजे पोर्ट, उघडी आहेत का ते तपासा. कर्बेरोससाठी 88, खात्यांची माहिती विचारण्याच्या एलडॅपसाठी 389 आणि त्याच्या एनक्रिप्टेड रूपासाठी 636, पासवर्ड बदलण्यासाठी 464, ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या ग्लोबल कॅटलॉगसाठी 3268. 464 बंद असला की रोजचं लॉगिन व्यवस्थित चालतं आणि पासवर्डची मुदत संपते त्याच दिवशी यूजर बाहेर अडकतो.

636 वापरत असाल तर सर्टिफिकेटची मुदत बघा:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट डीसी1.लॅब.टेस्ट:636

मुदत संपली असेल तर सर्टिफिकेट नवं करा. एलडॅप_टीएलएस_रेक्सर्टला ‘नेव्हर’ करून वेळ मारून नेऊ नका. त्याचा अर्थ वाटेत कोणीही सर्व्हर असल्याचं भासवून पासवर्ड घेऊ शकतो असा होतो, आणि असा ‘तात्पुरता’ बदल नंतर कोणी काढत नाही.

घड्याळ

कर्बेरोसला क्लायंट आणि सर्व्हरच्या घड्याळातला फरक 5 मिनिटांपर्यंतच चालतो. त्यापुढे पासवर्ड कितीही बरोबर असो, तिकीट मिळत नाही.

टाइमडेटसीटीएल
क्रोनीसी ट्रॅकिंग

आपल्याकडच्या लॅबमध्ये इथे एक ठरलेला आकडा भेटतो: साडेपाच तास. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं आणि लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं. सकाळी 10 वाजता विंडोज बंद करून लिनक्स चालू केलं की लिनक्सच्या मते दुपारचे 3:30 झालेले असतात. इंटरनेटवरचा टाइम सर्व्हर सापडला तर क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) ते दुरुस्त करतं. पण बऱ्याच संस्थांच्या फायरवॉलवर वेळ विचारण्याचा 123 हा पोर्ट बाहेरच्यासाठी बंद असतो आणि घड्याळ तसंच राहतं. म्हणूनच ‘विंडोजमध्ये काम करून आलं की लिनक्समध्ये लॉगिन होत नाही’ अशी विचित्र वाटणारी तक्रार कोणी केली तर ती खरी माना.

आधी डोमेन कंट्रोलरलाच (डोमेनच्या मध्यवर्ती सर्व्हरलाच) टाइम सर्व्हर म्हणून क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये लिहा. मग ‘क्रोनीसी मेकस्टेप’ चालवा, म्हणजे घड्याळ हळूहळू न सरकता एकदम जागेवर येईल. आणि कायमचा उपाय म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइझयुनिव्हर्सल ही नोंद 1 करून त्यालाही यूटीसी वापरायला लावा.

दुसरा प्रश्न: पासवर्ड

नाव सापडतं, डीएनएस ठीक, घड्याळ ठीक. आता पॅम आणि एसएसएसडी दोघांना बाजूला ठेवून थेट कर्बेरोसला विचारा:

केइनिट पाटील@लॅब.टेस्ट

@ नंतरचं रीअल्मचं (कर्बेरोसमधल्या डोमेनचं) नाव टाइप करताना सगळी अक्षरं कॅपिटल हवीत. तिकीट मिळालं, ‘केलिस्ट’मध्ये दिसलं, तर पासवर्ड बरोबर आहे आणि दोष मशीनच्या जोडणीत किंवा पुढच्या टप्प्यात आहे. नाही मिळालं, तर केइनिट कारण स्पष्ट सांगतं. ‘प्रीऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे पासवर्ड खरंच चुकला. ‘क्लायंट नॉट फाउंड’ म्हणजे नाव चुकलं. ‘क्रेडेन्शियल्स हॅव बीन रिव्होक्ड’ म्हणजे खातं कुलूपबंद किंवा बंद केलेलं. ‘कॅनॉट फाइंड केडीसी’ म्हणजे तिकीट देणारा सर्व्हर सापडला नाही, पुन्हा डीएनएसकडे जा. ‘नो सपोर्ट फॉर एन्क्रिप्शन टाइप’ आलं तर जुन्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या आरसी4 या जुन्या एन्क्रिप्शनचा विषय आहे. रेड हॅट 8 पासून ते मुळातच बंद असतं. खात्याला त्याऐवजीचं एईएस चालू करून पासवर्ड एकदा बदलणं हा योग्य उपाय, क्लायंटवर आरसी4 परत चालू करणं हा शेवटचा.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर केइनिटच्या आधी केआरबी5_ट्रेस=/डेव्ह/एसटीडीआउट असं लिहून चालवा. कोणत्या सर्व्हरशी काय बोलणं झालं ते ओळीओळीने समोर येतं.

स्थानिक कुलूपही विसरू नका. ‘फेललॉक --यूजर पाटील’ने चुकलेले प्रयत्न दिसतात आणि शेवटी --रीसेट जोडलं की ते पुसले जातात. काहीच ठरवून दिलेलं नसेल तर 3 चुकांनंतर 10 मिनिटांचं कुलूप लागतं.

मशीनचंही एक खातं असतं

यूजरचं केइनिट चालतं, पण ‘आयडी’ला उत्तर नाही आणि एसएसएसडी ऑफलाइन आहे: अशा वेळी मशीनच्या स्वतःच्या खात्याकडे बघायचं. प्रत्येक जोडलेल्या मशीनला डोमेनमध्ये खातं आणि पासवर्ड असतो; त्याच्या किल्ल्या /ईटीसी/केआरबी5.कीटॅबमध्ये असतात.

केलिस्ट -केटीई
केइनिट -के 'लॅबपीसी07$@लॅब.टेस्ट'

दुसरी कमांड ‘प्रीऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणाली तर कीटॅब शिळा आहे. सर्व्हरकडचा पासवर्ड एक, मशीनकडचा दुसरा. व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर परत नेल्यावर हे होतं, आणि लॅबमध्ये याहून जास्त वेळा क्लोनिंगमुळे. एक मशीन नीट बसवून, डोमेनला जोडून, तिच्याच डिस्कची प्रतिमा सगळीकडे उतरवली की सगळ्या मशीन एकाच खात्यावर चालतात. महिनाभर सगळं सुरळीत दिसतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या जोडणीत एसएसएसडी 30 दिवसांनी मशीनचा पासवर्ड बदलतं. मग ज्या मशीनने आधी बदलला ती चालू राहते आणि बाकीच्या एकदम बंद पडतात. लोक त्या दिवशी केलेल्या कुठल्यातरी अपडेटला दोष देतात.

अशा मशीनवर मात्र डोमेन सोडून पुन्हा जोडणं हाच उपाय आहे: ‘रीअल्म लीव्ह’, मशीनला स्वतःचं वेगळं नाव, जुना कीटॅब काढणं, ‘रीअल्म जॉइन’. यापुढे प्रतिमा बनवताना डोमेनला जोडण्याआधी बनवा. नावं देताना एक पथ्य पाळा: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मशीनच्या नावाची पहिली 15 अक्षरंच खात्यासाठी धरली जातात. ‘कॉम्प्युटर-लॅब-एक-07’ आणि ‘कॉम्प्युटर-लॅब-एक-08’ ही नावं रोमनमध्ये लिहिली की पहिल्या 15 अक्षरांत सारखीच असतात, आणि दुसरी मशीन पहिलीचं खातं हिरावून घेते.

तिसरा प्रश्न: मुभा

आकडा 6 आला, केइनिट चालतं, आयडी चालतं, तरी दार बंद. इथे कोणीतरी जाणूनबुजून किंवा नकळत नियम घातलेला असतो. ‘रीअल्म लिस्ट’मध्ये लॉगिन-पॉलिसी बघा, ठरावीक यूजर किंवा ग्रुपनाच मुभा असेल तर ‘रीअल्म परमिट -जी ग्रुपचं-नाव’ने भर घाला. एसएसएचच्या कॉन्फिगमधलं अलाउग्रुप्स बघा. /ईटीसी/नोलॉगिन नावाची फाइल पडून राहिली असेल तर रूटशिवाय कोणालाच आत येता येत नाही; देखभालीसाठी ती बनवतात आणि काढायची राहून जाते.

रेड हॅट 7 वरून 8 वर गेलेल्यांसाठी खास: ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या ग्रुप पॉलिसीचे लॉगिनविषयक नियम 7 मध्ये फक्त लॉगमध्ये नोंदले जायचे, 8 पासून ते प्रत्यक्ष लागू होतात. विंडोज मशीनसाठी कधीकाळी घातलेला ‘फक्त अमुक ग्रुपने लॉगिन करावं’ हा नियम अपग्रेडनंतर अचानक लिनक्सला लागतो. समोर बसून केलेल्या लॉगिनला विंडोजचा ‘लोकल लॉगऑन’चा नियम लागतो आणि एसएसएचला ‘रिमोट डेस्कटॉप’चा, म्हणून एक मार्ग चालतो आणि दुसरा नाही असंही होतं. एडी_जीपीओ_ॲक्सेस_कंट्रोल काही वेळापुरतं ‘परमिसिव्ह’ करून खात्री करा, पण खरी दुरुस्ती पॉलिसीतच करून घ्या.

दुसरा प्रश्न तपासणारी कमांड (तिसऱ्यासाठी ‘ऑथ’च्या जागी ‘एसीसीटी’ लिहा):

एसएसएससीटीएल यूजर-चेक्स पाटील -ए ऑथ -एस एसएसएचडी

रूटमधून ‘एसयू - पाटील’ करून बघणं पुरेसं नाही. रूटला पासवर्ड विचारलाच जात नाही, त्यामुळे दुसरा प्रश्न तपासला जात नाही. चौथ्या प्रश्नासाठी मात्र तीच कमांड उत्तम.

चौथा प्रश्न: घर

लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड दिला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा आला, तर पासवर्ड बरोबर आहे. घर सापडलेलं नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 ने साध्या कन्सोलवर जा. तिथे होम डिरेक्टरी नसल्याचा संदेश स्पष्ट वाचायला मिळतो.

डिरेक्टरी आपोआप बनायला हवी असेल तर उबंटूवर ‘पॅम-ऑथ-अपडेट --एनेबल एमकेहोमडिर’. रेड हॅटवर ‘ऑथसिलेक्ट एनेबल-फीचर विथ-एमकेहोमडिर’ आणि सोबत ऑडजॉबडी सेवा चालू. पॅमच्या फाइली हाताने बदलू नका. पुढच्या वेळी हीच साधनं तुमचा बदल पुसून टाकतात.

शेल बघा. खात्यात झेडशेल लिहिलेला असेल आणि मशीनवर तो बसवलेलाच नसेल तर आत येता येत नाही. डिस्क बघा, आणि ‘डीएफ -एच’ बरोबर ‘डीएफ -आय’ही, कारण जागा शिल्लक असून आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असू शकतात.

घरं एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कवर) असतील तर ‘टाइमआउट 5 स्टॅट /होम/पाटील’ चालवा; उत्तर न येता कमांड थांबली तर एनएफएस सर्व्हर पोचत नाही. एसईलिनक्स (लिनक्समधला जादा सुरक्षा थर) चालू असेल तर:

सेटएसईबूल -पी यूज_एनएफएस_होम_डिर्स ऑन

कर्बेरोसने सुरक्षित केलेल्या एनएफएसवर एसएसएच-कीने (पासवर्डऐवजी वापरायच्या किल्लीने) लॉगिन होत नाही आणि पासवर्डने होतं, यात गूढ काही नाही. कीने तिकीट मिळत नाही, तिकिटाशिवाय घर वाचता येत नाही, आणि की त्याच घरात ठेवलेली असते.

लॉगिन होतं, पण फार वेळाने

‘एसएसएच -व्हीव्हीव्ही’ चालवून कोणत्या ओळीवर थांबतं ते बघा. जीएसएसएपीआयपाशी (कर्बेरोसच्या तिकिटाने लॉगिन करण्याच्या टप्प्यापाशी) थांबत असेल तर डीएनएस. थांबा 5 सेकंदांच्या पटीत असेल तरी डीएनएसच, कारण रिझॉल्व्हरचा एका प्रश्नासाठीचा टाइमआउट मुळात 5 सेकंदांचा असतो. जवळजवळ 25 सेकंदांचा थांबा आला आणि लॉगमध्ये पॅम-सिस्टमडीने सेशन बनवता आलं नाही अशी नोंद असेल तर डीबस (सेवांमध्ये निरोप पोचवणारी यंत्रणा) मध्येच रीस्टार्ट झालेलं आहे. ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-लॉगइंडी’ करा. ग्रुप प्रचंड मोठे असतील तर इग्नोर_ग्रुप_मेंबर्स ‘ट्रू’ केल्याने मोठा फरक पडतो.

लॅपटॉपवर आणखी एक: वायफायचा पासवर्ड यूजरच्या कीरिंगमध्ये (लॉगिननंतरच उघडणाऱ्या पासवर्डच्या तिजोरीत) असेल तर लॉगिन होईपर्यंत वायफाय जोडलं जात नाही, आणि वायफाय नसल्याने पहिल्यांदा आलेल्या यूजरचं लॉगिन होत नाही. ते कनेक्शन सगळ्या यूजरसाठी उपलब्ध करा आणि कॅश_क्रेडेन्शियल्स चालू ठेवा.

ग्रुप बदलला तरी दिसत नाही

सर्व्हरवर यूजरला नव्या ग्रुपमध्ये घातलं आणि क्लायंटला ते दिसेना, तर एसएसएसडी नोंद 90 मिनिटं जपून ठेवतं हे लक्षात घ्या. ‘एसएसएस_कॅश -यू पाटील’ फक्त त्या यूजरची नोंद शिळी ठरवतं, कॅश पुसत नाही, म्हणून ते निर्धास्त वापरा. मग यूजरला बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगा.

सर्व्हरवाल्यांकडे जाताना

दोष सर्व्हरकडे आहे असं दिसलं तर ‘लॉगिन होत नाही’ एवढाच निरोप पाठवू नका. ‘एसएसएससीटीएल डीबग-लेव्हल 6’ करा, एकदा प्रयत्न करून घ्या, /व्हार/लॉग/एसएसएसडी मधली त्या डोमेनची फाइल आणि त्याच वेळचा सिक्युअर किंवा ऑथ लॉग काढून घ्या. सोबत प्रयत्नाची वेळ सेकंदासकट, मशीनचं नाव, यूजरचं नाव, पॅमने दिलेला आकडा, केइनिटचं उत्तर आणि एसआरव्ही नोंदींचं उत्तर लिहा. लॉग पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घाला. यूजरनेमच्या जागी चुकून टाइप झालेला कोणाचा पासवर्ड त्यात असू शकतो. काम झालं की डीबगची पातळी परत खाली आणा, नाहीतर काही आठवड्यांत /व्हार भरतं.